जागेअभावी

"समोरचा बोलायचा थांबला की लगेच तोंड उघडू नकोस. थांब. पाणी पी, पेनाचं टोपण शोध, काय वाटेल ते कर, पण बोलू नकोस. माणसाला शांतता सोसत नाही. ती बुजवायला तो जे बोलतो ना, तेच छापायचं."

नोकरीच्या पहिल्या सकाळी वडिलांनी हे सांगितलं आणि ते थांबले. मुलगी लगेच म्हणाली, "बरं." वडिलांनी कपाळाला हात लावला. ते स्वतः जन्मभर वार्ताहर होते, त्यांचे वडीलही वार्ताहर, आणि आता ही. तीन पिढ्यांच्या धंद्याचं पुढे काय होणार, हे त्यांना त्या एका 'बरं'मध्ये दिसलं असावं.

घरात तिला सगळे बातमी म्हणत. लहानपणी कोणी चोरून काय खाल्लं, कोणी कुणाची बरणी फोडली, हे तिच्या पोटात क्षणभर टिकत नसे, म्हणून आत्याने ठेवलेलं हे नाव. पुढे ती खरोखरीच वाहिनीवर बातमीदार झाली तेव्हा आत्या म्हणाली, "चला, खोड जात नाही तर निदान कामाला तरी लागली."

वडील गेल्याला आता बरीच वर्षं झाली होती. बातमीची वाहिनी मात्र रोज थोडी थोडी जात होती. बघणारे कमी, जाहिराती त्याहून कमी. अशात संपादकांना एक कल्पना सुचली. या संपादकांना ऑफिसात ब्रेकिंग साहेब म्हणत, कारण चहा आला तरी ते ओरडून सांगत. त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं आणि जाहीर केलं की प्रत्येक पत्रकाराने आपल्या घराण्याचा शोध घेणारा माहितीपट करायचा. "जगाची लफडी पुष्कळ काढलीत. आता घरची काढा!"

पहिला माहितीपट क्रीडा-वार्ताहराचा. त्याचे पणजोबा दिवसा कुलपं दुरुस्त करत आणि रात्री तीच उघडत, असं निघालं. प्रेक्षक हेलावले. गुन्हेगारीच्या बातम्या करणाऱ्या बाईंना मात्र सात पिढ्यांत सज्जनांशिवाय काही सापडेना; त्यांचा माहितीपट रद्द झाला आणि त्या हवामानाकडे गेल्या. तिसरा नंबर बातमीचा. ती निर्धास्त होती. तिच्याकडे आजोबा होते.

आजोबांची गोष्ट अख्ख्या गोतावळ्याला पाठ होती. नदीला महापूर आला, जुना पूल कोसळला, आणि आजोबांनी काठावर उभं राहून ते सगळं पाहिलं आणि लिहिलं. ती बातमी पहिल्या पानावर आली आणि आजोबा रातोरात मोठे झाले. बातमीचं ते कात्रण आत्याच्या दिवाणखान्यात पितळी चौकटीत होतं. गोष्ट सांगायचा मक्ता मात्र आतोबांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा. ते त्या काळी त्याच वर्तमानपत्रात उपसंपादक होते. जावई असूनही सासऱ्याची एवढी तरफदारी करणारा माणूस विरळा. ते सांगत तसतसं पाणी चढे. बातमीच्या लहानपणी आजोबा गुडघाभर पाण्यात होते. ती कॉलेजात गेली तेव्हा कमरेपर्यंत. हल्ली ते विजेच्या खांबाला स्वतःला बांधून घेऊन हनुवटीपर्यंत पाण्यात उभे असत आणि वही डोक्यावर धरून लिहीत.

"अहो, पुढच्या वेळी बुडवाल त्यांना," आत्या म्हणे आणि आत निघून जाई.

चित्रीकरणाच्या पहिल्या सकाळी बातमी नदीकाठी उभी राहिली. सोबत कॅमेरामन आणि आवाज घेणारा, दोनच माणसं. कॅमेरामन बडबड्या. आवाज घेणारा इतका मितभाषी की त्याचं नाव श्श पडलं होतं. दिवसभरात तो तेवढंच बोले.

ठरलं असं की बातमी आजोबांचा मजकूर मोठ्याने वाचणार आणि ती जे वाचेल तिकडे कॅमेरा फिरणार. खांबही सापडला होता. नगरपालिकेने त्यावर 'येथे थुंकू नये' लिहिलं होतं. ते फ्रेमबाहेर ठेवलं.

"'समोर शहराच्या मनोऱ्यावरच्या घड्याळात तीन वाजत होते,'" बातमीने वाचलं.

कॅमेरा समोर फिरला आणि थांबला. "ताई, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान आहे."

"त्याच्या मागे बघ."

"त्याच्या मागे टायरं आहेत."

"पूर्वी मनोरा असेल, पाडला असेल. पुढे चल. 'उजव्या हाताला गिरणीचं धुराडं...'"

"उजवीकडे झाडी. धुराडं डावीकडे आहे." कॅमेरामनने डोळा बाजूला घेतला. "तुमचे आजोबा डावखुरे होते का?"

एवढ्यात घड्याळाचे टोले पडले. तिघांच्या पाठीमागून. बातमी वळली. मनोरा जागच्या जागी होता, शहराच्या बाजूला, जिथे तो कायम होता. तो समोर दिसायला, धुराडं उजवीकडे यायला आणि बाकी सगळं जुळायला उभं राहायला हवं होतं ते नदीच्या पलीकडच्या काठावर.

चौकटीत लावलेली गोष्ट कोणी वाचत नाही हेच खरं. इतक्या वर्षांत त्या कात्रणाला शेकडो माणसांनी मान डोलावली होती, आणि आजोबा चुकीच्या काठावर उभे होते हे एकालाही दिसलं नव्हतं.

"पोहून गेले असतील," कॅमेरामन समजुतीच्या सुरात म्हणाला.

"त्यांना पोहता येत नव्हतं," बातमी म्हणाली. "बादलीला घाबरायचे."

दुपारी तिघं आत्याच्या घरी पोचली. दार उघडून आत्याने आधी कॅमेरामनच्या बुटांकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पांढरेशुभ्र केस, सरळ पाठ. टायपिंगचे वर्ग चालवण्यात हयात गेलेली बाई. अजूनही बोलताना वाक्य संपलं की टेबलावर बोट आपटायची, पूर्णविराम दिल्यासारखं. आतोबा औषधाच्या दुकानात गेले होते.

मुलाखत म्हणजे दगडातून तेल काढणं.

"आत्या, आजोबांबद्दल सांग ना."

"कडक होते. चहा घ्या."

"पुराच्या दिवशी काय काय झालं?"

"पूर आला. बिस्किटं घ्या."

"आजोबा नेमके कुठे उभे होते गं?"

आत्याने बशी हातात धरून तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "तुझ्या आतोबांना विचार. त्यांना पाण्याची खोली माहीत आहे."

शेवटी बातमीने कॅमेरा बंद करायला सांगितलं. सामान आवरायला लागले तसा श्श पुढे आला. त्याचं एक काम राहिलं होतं. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते. पंखा, भिंत, रस्ता मिळून तिचा आवाज होतो. ती मिनिटभर वेगळी घेऊन ठेवावी लागते, म्हणजे मग संकलनात दोन वाक्यांमधली भोकं तिने बुजवता येतात.

"एक मिनिट कोणी बोलायचं नाही," तो म्हणाला. त्याचं ते त्या आठवड्यातलं सर्वांत मोठं भाषण होतं.

"म्हणजे काय, नुसतं बसायचं?" आत्याने विचारलं.

"श्श."

आत्याच्या घरात असं कधी कोणी बसलं नव्हतं. कायम आतोबांचा पूर, नाहीतर शेजारणी, नाहीतर टाइपरायटर. पंखा घरघरत होता. आत्याने पदर सारखा केला. चौकटीकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. बातमीच्या जिभेवर तीन प्रश्न येऊन बसले होते. तिने ते दातांखाली धरले. वडिलांची आज्ञा जन्मात पहिल्यांदा पाळली जात होती, तीही दुसऱ्याच्या धाकाने.

"ते घरी झोपले होते," आत्या म्हणाली. "दाढ सुजली होती. पलीकडे मी होते."

श्शने कळवळून डोळे मिटले. त्याची शांतता गेली होती. पण यंत्र बंद करायचं त्याला सुचलं नाही.

मग आत्या थांबलीच नाही. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पलीकडे बर्फाचा कारखाना होता आणि त्या कारखान्यात एक तरुण होता, त्याला भेटायला ती घरी न सांगता गेली होती. पूल डोळ्यांदेखत कोसळला. "तो जो घाबरून बर्फाच्या कोठारात शिरला तो बाहेर येईना. बरंच झालं. माणूस किती गार आहे हे आधीच कळलं." कारखान्यातला फोन कसा कोण जाणे, चालू होता. तिने वडिलांच्या वर्तमानपत्राला फोन लावला आणि पाहिलेलं सगळं सांगितलं. एका पोरीचं कोण छापणार? म्हणून ती म्हणाली, मी त्यांच्या वतीने बोलतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी सुजल्या गालाने वर्तमानपत्र उघडलं, आणि स्वतः लिहिलेली बातमी इतर वाचकांबरोबरच पहिल्यांदा वाचली.

"मग? रागावले?"

"नाव झालं होतं त्यांचं. लोक दारात येऊन हात मिळवत होते. मी होडीतून परत आले तेव्हा मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, तू तिकडे का होतीस हे मी विचारणार नाही. मी इकडे का होतो हे तू सांगू नकोस." टेबलावर बोट आपटलं. पूर्णविराम.

बातमी खुर्चीत पुढे सरकली. म्हणजे घराण्याचा महापुरुष दाढ धरून झोपलेला, आणि खरी वार्ताहर समोर बिस्किटाची बशी धरून बसलेली! "आत्या, हे कॅमेऱ्यासमोर सांग. आत्ताच्या आत्ता. आतोबांची भीती वाटते का? त्या बर्फवाल्यामुळे?"

"इश्श, बर्फवाल्याचं काय घेऊन बसलीस? यांना कळलं तर पोट धरून हसतील." आत्या उठून चौकटीपाशी गेली. "हे बघ. बातमी कुठे संपते? 'पुलाचा अखेरचा खांबही दिसेनासा झाला.' आणि खाली लगेच गाद्यांची जाहिरात. 'गाढ झोपेसाठी.' याच्यापुढे माझं एक वाक्य होतं. शेवटचं. सगळ्यात चांगलं. ते कुणीतरी कापलं."

"का?"

"जागेअभावी," आत्या म्हणाली. तो शब्द तिने असा उच्चारला की कॅमेरामनने आपली बिस्किटं गुपचूप बशीत परत ठेवली. "बाकी सगळं बाबांना दिलं, हसत दिलं. पण ते वाक्य कुणालाच मिळालं नाही. आणि आता मलाही आठवत नाही. हातांचं काहीतरी होतं... चांगलं होतं, एवढंच आठवतं. त्यानंतर मी ओळ लिहिली नाही गं. म्हटलं, मेलं लिहायचं आपण आणि कात्री लावायची कुण्या गाढवाने."

खोली पुन्हा शांत झाली. श्शने आशेने यंत्राकडे पाहिलं.

"तू वाक्य आण," आत्या म्हणाली, "मी पलीकडच्या काठावर उभी राहून सगळं सांगते, अगदी बर्फासकट. नाही मिळालं तर बाबांना राहू दे पाण्यात. आणि आत्ता मी जे बोलले ते कुठे गेलं तर याद राख."

"आणते," बातमी म्हणाली. "वचन."

"तुझं वचन!" आत्या म्हणाली. "मांजराला दुधाची राखण."

संध्याकाळी ऑफिसात श्शने ती फाइल संगणकात चढवली. नियमाप्रमाणे तिचं नाव होतं 'शांतता'. ब्रेकिंग साहेबांनी ती ऐकली आणि खुर्चीतून उठून उभेच राहिले.

"अगं, हे सोनं आहे सोनं! आजोबा खोटे, आत्या फरारी, मधे बर्फ! लाव हे असंच, काळ्या पडद्यावर!"

"तिने नको म्हटलंय."

"यंत्र चालू होतं हे तिला माहीत होतं ना?"

"तिला वाटलं आम्ही शांतता घेतोय."

"मग दे की शांतता. सोमवारी प्रक्षेपण आहे. वाक्य मिळालं तर वाक्य, नाही मिळालं तर हे. नाहीतर हवामानाकडे अजून एक खुर्ची रिकामी आहे."

बातमीच्या पोटात काही राहत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. या वेळी तिने ते राखायचं ठरवलं, आणि पोट दुखायला लागलं.

वाक्य शोधायचं तरी कुठे? वर्तमानपत्र कधीच बंद पडलं होतं; त्याच्या कचेरीत आता व्यायामशाळा होती, आणि संपादकांच्या खोलीत घामाघूम माणसं जागच्या जागी धावत होती. त्या काळचं माणूस म्हणाल तर उरलं होतं एकच.

आतोबा बागेतल्या बाकावर शेंगा सोलत बसलेले सापडले. बातमी शेजारी बसली.

"आतोबा, पुराच्या दिवशी डेस्कवर कोण होतं हो?"

"मी रजेवर होतो," आतोबा म्हणाले. इतक्या झटकन, की जणू ते वाक्य वर्षानुवर्षं दाराशी चपला घालून उभं होतं. "तुझ्या आत्यालाही तेच सांगितलंय. आजोबा गळ्यापर्यंत पाण्यात..."

"त्या बातमीतलं एक वाक्य कुणीतरी कापलं म्हणे," बातमी म्हणाली.

आणि ती थांबली. पेनाचं टोपण शोधलं. ते सापडलं, तर पुन्हा हरवून शोधलं. समोर एक माळी झारीने पाणी घालत होता. आतोबांनी एक शेंग सोलली, दाणे टाकून दिले आणि टरफल तोंडात घातलं.

"कुठलं," टरफल थुंकून ते शेवटी म्हणाले, "ते हात करताहेत ते?"

बातमी तरीही बोलली नाही. वडील असते तर त्यांनी त्या बाकावरच तिला शाबासकी दिली असती.

आपण पकडले गेलो, हे आतोबांच्या लक्षात आलं. मान खाली गेली. "गाद्यांची जाहिरात ऐनवेळी आली," ते पुटपुटले. "तीन ओळींची जागा लागत होती. मी नवखा होतो. फोनवरचा आवाज पोरीचा आहे हे मला कळलं होतं. नुसतं ऐकत राहावंसं वाटत होतं. पुढे ती वडिलांचा डबा द्यायला कचेरीत आली आणि तोंड उघडलं, मी ओळखलीच. विचारणार होतो, पण तिचं पहिलं वाक्य काय होतं सांगू? 'इथे शेवटचं वाक्य कापणारा गाढव कोण आहे?'"

"मग?"

"मग काय? रजेवर होतो म्हटलं. तिच्याशी लग्न करायचं होतं मला." त्यांनी शेंगांचा पुडा मिटला. "पुढे वाटायचं ती अजून लिहील. कागद आणून ठेवायचो. ती त्यावर टायपिंगच्या पोरांचा सराव घ्यायची. मी एक ओळ कापली, तिने सगळंच थांबवलं. कुणी त्या बातमीबद्दल विचारू नये म्हणून मी आपलं पाणी चढवत बसलो."

"म्हणजे सासऱ्यांवरची भक्ती..."

"कसली भक्ती! मला दोनदा कामावरून काढायला लावलं होतं त्यांनी."

बातमीला हसू आलं. "वाक्य आठवतंय तुम्हाला?"

आतोबांनी डोळे मिटले आणि म्हटलं, एकही शब्द न अडखळता: "'दोन्ही काठांवर माणसं उभी आहेत आणि एकमेकांना हात करताहेत, आणि कुणाचा हात कुणाला आहे, हे कुणालाच कळत नाही.'"

माळ्याची झारी संपली. तो नळाकडे गेला.

"हे तू दे तिला," आतोबा घाईने म्हणाले. "माझं नाव घेऊ नकोस. सांग, सूत्रांकडून कळलं. तुम्ही सारखं सांगता ना, सूत्रांकडून, सूत्रांकडून? मी तुझं सूत्र."

धंद्याच्या नियमाने हे अगदी बरोबर होतं. वाक्य मिळालं, वचन पाळलं, सूत्र झाकलं, सोमवार गाठला. बातमीने ते सगळं मनात एकदा मांडून पाहिलं. मग तिला आत्याचं ते टेबलावर आपटणारं बोट आठवलं.

"नाही आतोबा. ज्याने कापलं त्यानेच जोडायचं. उद्या सकाळी आत्याला मी पलीकडच्या काठावर नेऊन बसवते. तुम्ही या."

"ती गळा दाबेल माझा."

"दाबू दे. एवढी वर्षं वाचलात की."

आतोबांनी शेंगांचा पुडा खिशात घातला. "येतो," ते म्हणाले. "वचन."

सकाळी आत्या पलीकडे खुर्चीवर ताठ बसली होती, कॅमेरामनला डोक्यावर छत्री धरायला लावून. तिला बातमीने एवढंच सांगितलं होतं की वाक्य येतंय. "येतंय म्हणजे? चालत येणार आहे का?" आत्या म्हणाली होती.

अलीकडे, नव्या पुलाच्या तोंडाशी, बातमी आणि श्श आतोबांना घेऊन उभे होते. आतोबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, आणि केस असे चापून बसवले होते जणू मुलगी पाहायला निघालेत. श्श पुढे होऊन त्यांच्या गळपट्टीला छोटा माईक लावू लागला. या माईकवर काय येणार होतं, हे बातमीला पुरेपूर ठाऊक होतं. ब्रेकिंग साहेबांनी ते मिनिट जन्मभर दाखवलं असतं. फोनवर त्यांचाच निरोप लकाकत होता: मिळालं का?

"श्श," बातमी म्हणाली. "राहू दे. यांना नको."

श्शने तिच्याकडे पाहिलं, माईक काढून खिशात टाकला, आणि त्या आठवड्यातलं दुसरं भाषण केलं. "बरं."

"पलीकडे तिने आपणहून सांगितलं तर घेऊ. सगळं तिच्या तोंडून." बातमीने फोन बंद केला. "आणि 'शांतता' पुसून टाक."

"मग हवामान?" श्शने विचारलं.

"ऊन पडेल म्हणायला काय जातंय?"

आतोबांनी वाकून बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या, चालढकल करावी तशा. मग ते पुलावर चढले. पलीकडून छत्रीखालून आत्याने कुणालातरी हात केला. इकडच्या तिघांपैकी कुणाला, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं. आतोबा कठड्याला धरून चालत होते, ओठ हलवत. पहिल्या खांबापाशी क्षणभर थबकले, खाली पाण्याकडे पाहिलं. पाणी जेमतेम घोट्यापर्यंत होतं. मग ते पुढे निघाले.